खिडकीजवळचं टेबल

जपानचं कौतुक मला सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाचा वगैरे समजायला नको.

२०११ साली मार्चमध्ये तिकडे भूकंप झाला आणि समुद्र गावांत घुसला, त्याच्या पुढच्या शुक्रवारची गोष्ट. आम्ही तेव्हा दुबईपासून तासाभरावरच्या रास अल खैमात राहत होतो. मी टाइल्सच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघायचो. सुट्टी म्हणून ओळखीची दोन मराठी कुटुंबं दुपारी जेवायला आली होती आणि टीव्हीवर तेच चाललं होतं. पाणी वाटणारी गाडी उभी होती आणि तिच्यासमोर माणसांची रांग. घरदार वाहून गेलेली माणसं ती, पण कुणी पुढे घुसत नव्हतं, कुणी आरडाओरडा करत नव्हतं.

"काय शिस्त आहे हो!" पाहुण्या वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे असतं तर?"

झालं. आपल्याकडे काय झालं असतं, हे मग प्रत्येकाने मीठमसाला लावून सांगितलं. परदेशात बसून आपल्या देशाला नावं ठेवायला लोकांना भारी मजा येते. मी आमटी ओरपत होतो.

"तुम्ही बोला की," वहिनींचे मिस्टर मला म्हणाले. "तुम्ही तर दुबईत जपान्यांबरोबर काम केलंय."

"ते नाही बोलायचे," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "त्यांना जपान्यांचा हेवा वाटतो."

सगळे हसले. मीही हसलो. खोटं काय होतं त्यात?

"तिकडे कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे असं काही बघितलं की मी नजर आमटीच्या वाटीत घातली.

त्याआधी दुबईत आम्ही भारतीयांनी गजबजलेल्या अल मनखूलला राहायचो. मी, बायको आणि मुलगी. माझी कंपनी समुद्राचं खारं पाणी गोडं करणारे प्लांट बांधायची आणि त्या कामांना किती खर्च येईल याचा अंदाज काढणं हे माझं काम. बाहेर सांगताना मी "जपानी कंपनी" असं छाती पुढे काढून सांगायचो. आत गेलं की चित्र वेगळं होतं. कंपनीत दोन पंगती होत्या. टोकियोच्या हेड ऑफिसने पाठवलेले ते जपानी आणि इथेच भरती केलेले आम्ही, म्हणजे भारतीय, फिलिपिनो, एखाददुसरा इजिप्शियन. त्यांचा करार वेगळा, आमचा वेगळा. मीटिंग रूमचं दार लावून ते आपल्या भाषेत बोलायचे आणि बाहेर आले की आम्हाला फक्त काय ठरलं ते कळायचं.

सकाळी काम सुरू करायच्या आधी ते सगळे टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून व्यायाम करायचे. टेपवर पियानो वाजायचा आणि टाय लावलेले साहेब लोक हात वर, हात खाली, कमरेत वाक. पहिल्या आठवड्यात आम्ही पॅन्ट्रीत जाऊन पोट धरून हसलो. पुढे माझं हसू ओसरलं. आम्हाला कुणी "या तुम्हीपण" म्हणालं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. म्हणाले असते तर मी गेलो नसतो, ती गोष्ट निराळी. पण म्हणायला काय जातं?

माझ्या शेजारच्या टेबलावर त्यांच्यातलाच एक बसायचा. मला सांगायचंय ते त्याच्याबद्दलच. काम माझंच, वयही माझ्याच आसपासचं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. टेबलाखाली सपाता ठेवायचा, जेवण झालं की जाऊन दात घासायचा, फोनवर बोलताना समोर कुणी नसलं तरी मान लववायचा. सुट्टीवरून येताना मिठाईचा डबा आणायचा. ऑफिसात जितकी माणसं तितक्याच वड्या, प्रत्येक वडी वेगळ्या कागदात गुंडाळलेली. रिसेप्शनवरच्या मुली "सो क्यूट, सो क्यूट" करत बसायच्या. मी ठाण्याहून भलीमोठी पिशवी भरून चिवडा न्यायचो. तो सगळे मुठी भरभरून खायचे आणि मग हात पुसायला टिश्यू शोधायचे. माझ्या चिवड्याला कधी कुणी क्यूट म्हणालं नाही.

एकदा आम्हा दोघांना कामासाठी गाडीने मस्कतला पाठवलं. हद्दीवर त्याचा पासपोर्ट काउंटरवर गेला आणि शिक्का घेऊन परत आला. माझा गेला तो गेलाच. अधिकाऱ्याने पानं चाळली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग दुसऱ्याला हाक मारली. जपानी माझ्याशेजारी उभा राहिला.

"तुम्ही गाडीत बसा ना, एसी आहे," मी म्हणालो.

"नाही, आपण बरोबर आलोय," तो म्हणाला.

त्याच्या त्या सभ्यपणाने माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. बसला असता गाडीत, तर निदान मनातल्या मनात बोलायला तरी काहीतरी मिळालं असतं.

त्याला राजकारणात रस नव्हता, हेही मला झोंबायचं. त्या काळात जपानचा पंतप्रधान वर्षाला बदलायचा. "नवे कसे आहेत?" मी मुद्दाम विचारायचो. तो जरा आठवल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "बहुधा ठीक असतील." बहुधा! आमच्याकडे २००८च्या उन्हाळ्यात अणुकरारावरून सरकार पडतं की तरतं म्हणून अख्खं अल मनखूल टीव्हीला चिकटलं होतं. मी तर त्या दिवशी जेवलोही नव्हतो. देश कोण चालवतंय याची फिकीरच नसणं ही केवढी चैन आहे, हे त्या माणसाला कोण समजावणार? लोक जपानच्या गाड्यांचं आणि कॅमेऱ्यांचं गुणगान करतात. मला विचाराल तर तिथल्या माणसाला रोज धास्तीने बातम्या बघाव्या लागत नाहीत, एवढीच त्यांची खरी श्रीमंती. आणि ती मला कधी मिळणार नाही म्हणून मी जळतो. जळतो म्हणजे जळतो.

मग त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत बँका बुडाल्या. आमच्या शुक्रवारच्या मंडळींत मी ठासून सांगितलं, "दुबईला काही होत नाही. इथे तेल आहे."

"तेल अबू धाबीला आहे," बायको म्हणाली.

थोड्याच दिवसांत ऑफिससमोरच्या अर्धवट इमारतीवरची क्रेन फिरायची थांबली. टेंडरं येईनात. गुरुवारी, आठवडा संपताना, एचआरचा फोन वाजायला लागला. ज्याला बोलावणं आलं तो आत जायचा आणि हातात लिफाफा घेऊन बाहेर यायचा. खलास. आधी ड्राफ्ट्समन गेला, मग खरेदी बघणारा पंजाबी गेला. त्याने जाताना सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि "मिलते हैं, इन्शाल्ला" म्हणत लिफ्टमध्ये शिरला. मला त्याचा फोन नंबरसुद्धा घ्यायचं सुचलं नाही. मी एचआरच्या फोनकडे बघत होतो.

नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की महिन्याभरात बायकापोरांसकट देश सोडायचा, असा इथला कायदा. एरवी मी म्हटलं असतं, गेलो तर गेलो. पण मुलगी दहावीत होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, नाव इथल्या शाळेतून नोंदलेलं, सेंटर इथलं. मधेच उठून ठाण्याला गेलो असतो तर ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला कुठल्या शाळेने घेतलं असतं? पोरीचं वर्ष गेलं असतं. आणि पोर जीव तोडून अभ्यास करणारी. मी दारातून नुसतं डोकावलो तरी म्हणायची, "बाबा, प्लीज, आय कान्ट फोकस." मार्चपर्यंत टिकव बाबा, एवढंच मी रोज देवाला सांगायचो. पुढचं पुढे बघू.

अशात एका रविवारी, नवा आठवडा सुरू होताना, ऑफिसात गेलो तर शेजारचं टेबल रिकामं. सपातासुद्धा नाहीत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, यांचेही जातात तर! आणि मान वळवली तर तो पलीकडच्या टोकाला, मोठ्या काचेच्या खिडकीजवळ, नव्या टेबलावर बसलेला. ऑफिसातली सगळ्यात झकास जागा. इमारतींच्या फटीतून समुद्राची पट्टी दिसायची तिथून.

आता आपल्याकडे खिडकीजवळचं टेबल कुणाला मिळतं? साहेबाला. मी ठाण्याला ज्या ऑफिसात नोकरीला लागलो, तिथे खिडकीसाठी दोन सीनियर माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मला आपलं सरळ दिसत होतं, इथे माणसं पटापट घरी पाठवताहेत आणि या पठ्ठ्याला बढती मिळाली. घरी आल्यावर मी जेवलो नाही धड.

"साहेब होणार तो," मी बायकोला म्हणालो. "उद्या मला ठेवायचं की काढायचं हेही तोच ठरवेल. आत्ताच गोड करून ठेवलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी बर दुबई भागातल्या मिठाईवाल्याकडून काजूकतलीचा मोठा डबा घेतला. भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, त्याच्या टेबलापाशी गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन्स! नवी जागा फार छान आहे."

बाकीच्या जपान्यांनी माना खाली घातल्या. आमचे मोठे साहेब, तेही जपानीच, आपल्या केबिनच्या दारात उभे होते. ते आत वळले आणि त्यांनी दार लावून घेतलं. तो मात्र उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी डबा घेतला, कमरेत वाकला आणि "थँक यू व्हेरी मच" म्हणाला. मग एकेका टेबलापाशी जाऊन, प्रत्येकाच्या पुढ्यात टिश्यू पसरून, त्याने सगळ्यांना काजूकतली वाटली. जपान्यांपैकी एकानेही तिला तोंड लावलं नाही.

आमचा केरळी ॲडमिन मॅनेजर जपानी कंपन्यांतच केस पिकवलेला. त्याने मला दंडाला धरून पॅन्ट्रीत नेलं.

"साब, ये क्या कर दिया आपने?" तो म्हणाला. "उस टेबल पे जिसको बिठाते हैं, उसको काम नहीं देते. अपना आदमी है, निकाल नहीं सकते. तो खिडकी के पास बिठा देते हैं, कि शरम से खुद चला जाए. और आप मिठाई लेके गए!"

माझी कानशिलं तापली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ते किती वेळ? घरी पोहोचेपर्यंत माझा जळफळाट पुन्हा जागेवर आला होता.

"म्हणजे बघ," मी बायकोला सांगितलं, "यांना लाज वाटावी म्हणून कंपनी पगार देते! आम्हाला लिफाफा आणि यल्ला, चालते व्हा. यांना समुद्र बघत बसायचे पैसे! अगं, मला द्या म्हणावं असली लाज. मार्चपर्यंत रोज लाजत बसतो."

"तुम्ही त्या माणसाचा तमाशा केलात," ती म्हणाली. "शुक्रवारी जेवायला बोलवा त्यांना."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

तो आला. शुक्रवारी दुपारी, सांगितलेल्या वेळेला, एक मिनिट इकडेतिकडे नाही. दारात बूट काढले आणि फिरवून, टोकं दाराकडे करून नीट ठेवले. "बघा," बायको माझ्या कानात पुटपुटली. माझे बूट तेव्हा एक सोफ्याखाली आणि एक कुठे असेल तिथे होते. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, कोशिंबीर असा साधाच बेत होता. आमच्याकडे बघत बघत तो हाताने जेवला. वरण-भात पुन्हा वाढताना तो "नो, नो, थँक यू" म्हणत राहिला, पण बायकोच्या आग्रहापुढे जपानचंही काही चाललं नाही.

जेवता जेवता माझी जीभ सैल सुटली. मी म्हणालो, "तुमचं एक बरंय हो. इथलं संपलं की परत जाल. कंपनी तुमची, देश तुमचा. कुणी लिफाफा देत नाही. इथे आम्हाला मार्च कसा काढायचा याची चिंता. मुलीची परीक्षा आहे. ती एकदा झाली की मग मला काढा, फेका, काय वाटेल ते करा."

त्याने हातातली वाटी खाली ठेवली. "मार्चची कोणती तारीख?" त्याने विचारलं.

मला हसू आलं. तारखेशिवाय यांना घास गिळत नाही! बायकोने शेवटच्या पेपरची तारीख सांगितली. त्याने ती हळू आवाजात एकदा म्हणून बघितली.

"माझ्या मुलाची अशीच परीक्षा होती तेव्हा मी कुवेतला होतो," तो म्हणाला. "पुढच्या परीक्षेच्या वेळी कतारला. आता तो मोठा झालाय. मी घरी गेलो की माझ्याशी पाहुण्यासारखं बोलतो."

तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला बाहेर आली. हा जेवणावरून उठून उभा राहिला, तिच्यापुढे मान लववली आणि म्हणाला, "गुड लक." ती गोंधळली. "थँक यू, अंकल," म्हणून आत पळाली.

तो गेल्यावर बायको भांडी आवरताना म्हणाली, "या माणसाला घरी जायचं नाहीये."

"काहीतरीच तुझं. घरी जायचं नाही असं कुणाला असतं?"

"तुम्ही 'परत जाल' म्हणालात तेव्हा त्यांचा चेहरा बघितला नाहीत. तुम्ही तुमच्याच नादात."

मला पटलं नाही. जपानसारखा देश वाट बघत असताना माणसाला दुबईत रिकामं बसावंसं वाटतं, हे पटायचं कसं? पण ऑफिसात मी त्याच्याकडे बघायला लागलो. तो सकाळी व्यायाम करायचा, टेबलाशी ताठ बसायचा, वर्तमानपत्र चार घड्या घालून वाचायचा, दुपारी दात घासून यायचा आणि पुन्हा ताठ बसायचा. इतर जपानी त्याच्या बाजूने जाताना वाट वाकडी करून जायचे. त्याने एकदाही मान खाली घातली नाही. मला वाटलं, हा निवृत्त होईपर्यंत हलत नाही इथून.

आणि जानेवारी संपता संपता तो अचानक निघाला. जायच्या दिवशी ओल्या फडक्याने त्याने टेबल पुसलं, खण काढून आतूनही पुसले. मग प्रत्येकाचा निरोप घेत माझ्यापाशी आला. "तुमच्या घरचं वरण फार छान होतं," तो म्हणाला आणि वाकला. मीही अर्धवट वाकल्यासारखं केलं. मनात म्हटलं, चालला! थंड हवेत, हक्काच्या घरी, हक्काच्या नोकरीवर. टॅक्सीपर्यंत सोडायला खाली जावं, एवढंही मला वाटलं नाही.

रविवारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून तुम्ही त्या टेबलावर बसा."

घरी येऊन बायकोला म्हणालो, "आपली पाळी आली." गुरुवार आला, गेला. फोन वाजला नाही. पुढचा गुरुवारही तसाच गेला. मला काम कुणी देत नव्हतं, पण पगार चालू होता. मागितलेली लाज अक्षरशः पदरात पडली होती.

ती किती जड असते हे बसल्यावर कळलं. पेन्सिलींना टोकं काढून झाली, जुनी टेंडरं पुन्हा तपासून झाली. समुद्राची ती पट्टी तर सोमवारपर्यंत पुरली नाही. उरलेल्या भारतीयांनी माझ्याबरोबर चहा प्यायचं सोडलं. "इसकी अंदर सेटिंग है," असं कुणीतरी म्हणालेलं माझ्या कानावर आलं. म्हणजे आता लोक माझ्यावर जळत होते! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा हेवा केला आणि तोही अशा जागेचा. मला तिथे ताठ बसता येत नव्हतं. कुणी जवळून गेलं की मी उगाच कागद चाळायचो, फोन कानाला लावायचो. रिकामं बसण्यातही तो माझ्यापेक्षा सरस निघाला होता.

पण माणसाचं मन मोठं बेरकी असतं. मार्च जवळ आला तसं मला वाटायला लागलं, कंपनीला माझी किंमत कळली असणार. शुक्रवारच्या मंडळींत मी पुन्हा बोलायला लागलो. अमेरिका माणसं वापरते आणि फेकते, जपान माणूस सांभाळतं, जगाने जपानकडून शिकायला हवं वगैरे. मुलगी एकेक पेपर देत होती.

शेवटचा पेपर झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं.

"मुलीची परीक्षा काल संपली ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. छान गेले पेपर."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी लिफाफा माझ्यापुढे सरकवला.

लिफाफ्याचं मला काही वाटलं नाही. माझं डोकं भलतीकडेच अडकलं होतं. मोठ्या साहेबांपुढे मी मुलीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. साहेबाला घरच्या अडचणी सांगायच्या नाहीत, हा माझा नेमच. परीक्षेची तारीख त्या कंपनीत फक्त एका माणसाला माहीत होती.

"सर, तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाच्या दिशेने बोट केलं. मग म्हणाले, "ते टेबल हेड ऑफिसच्या माणसासाठी असतं. इथल्या स्टाफला आम्ही तिथे बसवत नाही. तुमचं नाव काढायच्या यादीत जानेवारीतच आलं होतं. तो म्हणाला, मी राजीनामा देतो. माझी जागा मार्चपर्यंत त्याला द्या."

"ते आता टोकियोच्या ऑफिसात..."

"नाही. तो आता कंपनीत नाही."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "आता तरी त्यांचा हेवा करणं थांबवा."

"आता कुठे सुरू झालाय," मी म्हणालो.

खरंच सांगतो, मला भयंकर राग आला होता. लेकाचा, यातही पुढे गेला! त्या खुर्चीवर मी दोन महिने बसलो होतो आणि तिला कसं घट्ट धरून होतो ते माझं मला माहीत आहे. कुणाच्या पोरीसाठी काय, प्रत्यक्ष देव आला असता तरी मी तिच्यावरून उठलो नसतो. आणि तो घरी जायची इच्छा नसताना उठला, टेबल पुसलं, वरणाचं कौतुक केलं आणि गेला. मला तेवढं मोठं कधी होता येणार नाही, आणि हे त्याने मला न सांगता दाखवून दिलं. याचा हेवा वाटू नये तर काय वाटावं?

व्हिसाचा महिना संपत आला तेव्हा रास अल खैमाची नोकरी मिळाली. मुलगी उत्तम मार्कांनी पास झाली. मिठाई आणायची वेळ आली तेव्हा मी काजूकतली सोडून दुसरं काहीतरी आणलं.

तर त्या शुक्रवारी, टीव्हीवर ती रांग चालू असताना मी "नाही" म्हणालो आणि बायकोला राहवलं नाही. तिने पाहुण्यांना सगळी हकिकत सांगितली, काजूकतलीसकट. मुलगी आता बारावीच्या परीक्षेला बसली होती. तीही खोलीतून बाहेर येऊन दारात उभी राहिली. "दॅट अंकल?" ती म्हणाली. "बाबा, यू नेव्हर टोल्ड मी."

मग वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! मग त्यांचं गाव कुठलं? या भागातलं तर नाही ना?"

टीव्हीवर नकाशा दाखवत होते. किनाऱ्यालगतच्या गावांची नावं एकेक करून खाली सरकत होती.

आम्ही मराठी माणसं. दुबईत टॅक्सीत बसलो तरी ड्रायव्हरला पहिला प्रश्न गाव कुठलं, दुकानात मराठी ऐकू आलं तर गाव कुठलं, हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला गाव कुठलं. त्या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं बसलो, त्याचा पासपोर्ट बघून जळलो, त्याच्या देशावर शुक्रवारी भाषणं ठोकली, आणि त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या लेखी तो नुसता जपानचा होता.

"गाव कुठलं, बाबा?" मुलीने चक्क मराठीत विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

पाहुणे गेले. बायकोने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला तो मी तिच्या हातातून काढून घेतला. निवेदिका गावांची नावं सांगत होती. मला त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांचीच काळजी करत बसलो.